मनगटातला सिलिकॉनचा सांधा शरीराने रिजेक्ट केला म्हणून सूज येते का?

तुमच्या आईंना संधिवात, बऱ्याच वर्षांपूर्वी उजव्या मनगटात सिलिकॉनचा सांधा बसवलेला, आता सूज आलीय, एक्सरेत हाडात पोकळ्या दिसतायत आणि डॉक्टर तो काढा म्हणतायत, म्हणून तुम्ही विचारताय की बॉडीने रिजेक्ट केला का. मी नाशकात फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, पण हाताचे पेशंट रोजचेच, त्यामुळे सांगते.

रिजेक्ट वगैरे नाही हो, ते दुसऱ्याची किडनी बसवली की होतं तसलं. हा सांधा झिजतो. अमेरिकेतल्या डॉ. अल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६० च्या दशकात हे सिलिकॉनचे सांधे आणले, बोटांत ते आजही बसवतात, पण मनगटावर लोड फार येतो, आणि गुडघे गेलेल्या आपल्या बायका नेमक्या हात टेकूनच उठतात. मग हाडाच्या कडेला घासून त्याची बारीक पूड सुटते, सांध्याच्या अस्तरातल्या पेशी ती गिळतात पण ती विरघळत नाही, त्यातून सूज येते आणि तीच सूज हाड पोखरते. सिलिकॉन सायनोव्हायटिस म्हणतात त्याला. काहींच्या काखेत गाठही येते, काहींचा सांधा मधेच तुटतो.

गंमत म्हणजे हाड पोखरलं तरी दुखेलच असं नाही. निफाडकडचे एक बागवाले काका होते, मनगटातलं एकच छोटं हाड काढून सिलिकॉनचं बसवलेलं, द्राक्षांच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, दिवसभर कात्री चालवायचे, हाड पोखरलेलं तरी तक्रार काही नाही. काढलेला तुकडा त्यांनी डबीत आणून दाखवला, पिवळट पडलेला आणि एका कडेला चीर. म्हणून जुने एक्सरे शोधाच, पोकळ्या वाढतायत का ते शेजारी ठेवूनच कळतं. मनगट लाल, गरम असेल, ताप असेल तर मात्र थांबू नका, इन्फेक्शन आधी बघावं लागतं.

काढल्यावर अस्तर साफ करतात, पोकळीत बहुतेक कमरेचं हाड भरतात आणि बऱ्याचदा मनगट फिक्स करतात. फिक्स म्हणजे हात गेला असं नाही, मनगट वाकणार नाही, पण बोटं चालतात आणि तळहात उलटासुलटा होतो. फक्त कुठल्या अँगलमध्ये फिक्स करणार हे सर्जनला ऑपरेशनआधी विचारा, घास तोंडात नेणं, संडासला धुणं हे सगळं त्यावर असतं आणि डावं मनगटही खराब असेल तर तेही आत्ताच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.