नकार लेखी घे

प्रिय पोरी,

डोक्याला मार लागलेल्या त्या पोराच्या स्मृती-विचारांच्या चाचण्यांचा खर्च विम्यातून मिळावा, म्हणून डॉक्टर म्हणतात तसं त्याला एका रात्रीपुरतं भरती दाखवू नकोस. पॉलिसीतला एक्सक्लुजन कोड 04 काढून वाच. फक्त तपासणी आणि मूल्यमापनासाठी झालेली भरती तिथे सरळ वगळली आहे. म्हणजे कागदावर खोटं लिहायचं, आणि पैसेही मिळायचे नाहीत.

"मग फुकटच करू का?" असं तू विचारलंस तेव्हा मला रागच आला. तो तुझ्यावर नव्हता. त्या पोराला शेवटची एसटी गाठायची असते म्हणून तू चाचण्या दोन दिवसांत वाटतेस. घरची भाषा कोलामी, म्हणून प्रत्येक सूचना पुन्हा समजावतेस. वय-शिक्षण बघून नॉर्म्स (तुलनेचे ठरलेले गुण) लावतेस, रात्री बसून रिपोर्ट लिहितेस. आणि बिलात काय? "सल्ला फी", एवढी एकच ओळ! विमा कंपनीला तुझं काम दिसणार कुठून? मुलाखत, चाचण्या, गुणांकन, रिपोर्ट, घरच्यांना समजावणं, प्रत्येकाचे तास वेगळे लिही. अमेरिकेत 1 जानेवारी 2019 पासून बिलात चाचणी घेण्याचे कोड वेगळे (96136 ते 96139) आणि मूल्यमापनाचे वेगळे (96132, 96133) आहेत. निष्कर्ष काढणं, रिपोर्ट लिहिणं, घरच्यांशी बोलणं हे सगळं त्या मूल्यमापनात धरतात. आपल्या बिलात ते कोड चालणार नाहीत, पण तास लिहायला कोणी अडवलंय?

पैसे मिळवायची खरी वाट वेगळी आहे. डोक्याला मार लागून तो भरती होताच ना? डिस्चार्जनंतरचा संबंधित खर्च बऱ्याच पॉलिसी ठरावीक दिवस धरतात. आरोग्य संजीवनी या पॉलिसीत 60 दिवस. न्यूरोसर्जनकडून तारखेसकट चिठ्ठी घे, चाचणी कशासाठी हवी ते त्यात यायला हवं. ही चिठ्ठी आजच माग.

तरी नाही म्हणाले, तर नकार लेखी घे. फोनवरचा माणूस "बसत नाही" म्हणाला, त्याला मी नकार मानत नाही. कोणत्या कलमात बसत नाही? क्लेम नंबरसकट ईमेल हवा. आमच्या पिढीने नकार फोनवर ऐकले आणि पेशंटला सांगून टाकलं, "मिळत नाही." पुढे वर दाद मागायची वेळ आली तेव्हा हातात कागदच नव्हते. ते मला अजून सलतं.

"हा मानसिक आजार कुठे?" असं विचारतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधली व्याख्या दाखव. विचार, मनःस्थिती यांच्याबरोबर स्मृतीही तिच्यात आहे. कलम 21(4) विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यायला सांगतं. कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. तरीही नाहीच म्हणाले, तर तेही लेखी घे.

त्याची आई तुला म्हणाली ना, "मानूस तं चांगला दिसते बाप्पा, मंग याले झालं काय?" सगळी अडचण तिथेच आहे. शेतकरी अपघात योजनेत हात, पाय, डोळा निकामी झाल्याची रक्कम ठरलेली आहे. फवारणीचं औषध किती मापायचं हेच ज्याला आता उमगत नाही, त्याचं नुकसान तुझ्या रिपोर्टशिवाय कोणत्या कागदावर येणार? म्हणून तर मी संध्याकाळी पेशंट कमी केले आणि विमा कंपन्यांना पत्रं लिहीत बसले. लोक भांडखोर म्हणाले. म्हणू देत. माझं आजही म्हणणं आहे की ते कामच होतं, पेशंटचंच काम.

पॉलिसी त्याच्या नावावर आहे, तेव्हा तक्रार त्याच्याच सहीने जाईल. तुझा रिपोर्ट आणि तासांचा तक्ता सोबत जोड. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, पण वर्षाची मुदत चुकवू नकोस. पत्राचा मसुदा मला आधी पाठव. "कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असं लिहिलेलं दिसलं, तर मी ते खोडणार आहे.

तुझी,
ताई