पहाटे पाचचा गजर

"मावशी, प्रभूमध्ये सलाम. वॉचनाईटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, मंडळीसमोर उभं राहून मी वचन दिलं होतं, की रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करीन आणि वर्षभरात पवित्र शास्त्र पूर्ण वाचीन. फेब्रुवारीत सासूबाईंना लकवा मारला आणि सगळं सुटलं. फ्रिजवर लावलेल्या वाचनाच्या तक्त्यातल्या खुणा शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या 13व्या अध्यायाशी थांबल्यात. संडे स्कूलला मुलांना शिकवते आणि स्वतः खोटी ठरले. तीन महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी आली की न घेता पुढे सरकवते. ती अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो, असं शास्त्रात आहे ना? देवाने मला सोडलं असेल का? – तुमची एक लेक"

लेकी, सलाम.

लेवीय 13 म्हणजे अंगावरच्या चट्ट्यांचे नियम, तेही 59 वचनं. तिथे अडकलेली तू पहिली नाहीस. मी दोनदा तिथूनच मागे फिरलेय. तक्ता आधी फ्रिजवरून काढ.

तुझ्या पत्रात वचन देणारी तू, मोडणारी तू आणि शिक्षा सुनावणारीही तूच. देवाला काही कामच ठेवलं नाहीस!

उत्पत्ती पुस्तकाच्या 15व्या अध्यायावर जानेवारीत खूण केली असशील. तक्त्याच्या घाईत निसटला असेल, पुन्हा वाच. देवाने ज्याला वचन दिलं तो अब्राम कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरतो, तुकडे समोरासमोर मांडतो आणि वर झेपावणारी गिधाडं हाकलत बसतो. त्या काळी करार असा व्हायचा. त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. पण दिवस मावळतो आणि अब्रामाला गाढ झोप लागते. अंधारात तुकड्यांमधून जाते ती धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे देव जातो, एकटा. अब्रामाला चालायला लावतच नाही. एक पक्ष घोरतोय (घोरणं माझ्या पदरचं, शास्त्रात नुसती झोप आहे) आणि तरी करार पक्का. तू गजर बंद करून कूस बदललीस, त्या पहाटेही तो तितकाच पक्का होता.

आता थाळीचं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात 'अयोग्य प्रकारे' म्हणतो ते का, हे त्याच पत्रात वरच्या ओळींत आहे. तिथे एक जण भुकेला राहायचा आणि दुसरा पिऊन झिंगायचा. गरिबाची वाट कोणी बघत नव्हतं. दोष त्या वागण्याला आहे, दमलेल्या बाईला नाही. आणि पहिल्या प्रभुभोजनाला कोण बसलं होतं ते आठव. तुमच्याबरोबर मरायलाही तयार आहे म्हणणारा येशूचा शिष्य पेत्र. कोंबडा आरवण्याआधी तो तीनदा नाकारणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याला मेजावरून उठवलं नाही. उलट सांगितलं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्राच्या प्रार्थनेवर सोडलं असतं तर अवघड होतं. तो त्याच रात्री बागेत झोपला.

मग कसंही वागलं तरी चालेल का? थाळी सरकवताना जिचा जीव तुटतो, तिला मी हा प्रश्न विचारणार नाही.

रात्री दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलणारी बाई पहाटे पाचला कुठून उठणार? रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवाने आधी झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं, बोलणं त्यानंतर. तेव्हा आठवड्यातून दोन रात्री नवऱ्याला सासूबाईंजवळ झोपायला सांग. आई त्याचीच आहे. सकाळी दूध तापेपर्यंत एक स्तोत्र वाच, तेवढं पुरे.

आणि पाळकसाहेबांना फोन कर. फेब्रुवारीपासून सासूबाईंनाही प्रभुभोजन मिळालेलं नसणार. पाळकसाहेबांना घरीच बोलव. भाकर त्यांच्या तोंडात तुलाच भरवावी लागेल. तुझा तुकडाही तिथेच, खाटेवर बसून घे.

– मावशी