उन्हाळी सुट्टीत घोड्यांच्या तबेल्यात काम मिळेल का?

प्रश्न : मी पशुसंवर्धन पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. परीक्षा एप्रिलअखेर संपते. पुढचे दोन महिने घोड्यांजवळ काम करण्याची फार इच्छा आहे, परंतु आमच्या घरी कधी घोडा नव्हता आणि या व्यवसायात कोणाची ओळखही नाही. मी कोठे विचारावे आणि मोबदल्याची अपेक्षा कितपत ठेवावी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : घोड्यांजवळ काम म्हटले की बहुतेकांना प्रथम माथेरान आठवते आणि ते योग्यच आहे. मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्याने तिथे घोडा ही आजही रोजच्या वापरातली गोष्ट आहे आणि एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत ऐन हंगाम असतो. मात्र पर्यटकांना फिरवण्याचे काम परवानाधारक स्थानिक अश्वपालांचे आहे. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग याच आठवड्यांवर अवलंबून असतो, म्हणून ते काम आपण मागू नये. लीद काढणे, पाणी भरणे, खरारा करणे (अंग घासून साफ करणे), चंदीचे म्हणजे दाण्याचे तोबरे (तोंडाला अडकवायच्या पिशव्या) बांधणे यांसाठी कोणाला जास्तीचा हात हवा आहे का, हे मार्चमध्येच, शनिवार-रविवार टाळून, प्रत्यक्ष जाऊन विचारावे. गर्दीच्या दिवसांत कोणालाही उभे राहून बोलायला सवड नसते.

शर्यतीच्या तबेल्यांचा विचार आपण या वर्षी सोडून द्यावा, असे मला वाटते. मुंबईचा शर्यतींचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो आणि पुण्याचा जुलैत सुरू होतो, म्हणजे आपली सुट्टी नेमकी मधल्या काळात येते. पुणे-मुंबईच्या अश्वारोहण शाळांत मुलांची उन्हाळी शिबिरे असतात. तिथे खोगीर चढवायला आणि लगाम धरून घोडा चालवत न्यायला मदतनीस लागतात.

आपल्या शिक्षणाला सर्वांत उपयोगी पडेल ती मात्र पुणे परिसरातील एखादी अश्वपैदास संस्था. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्याचे वय, जन्म वर्षात कधीही झाला तरी, त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजले जाते आणि घोडीचा गर्भकाळ सुमारे 11 महिन्यांचा असतो. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत शिंगरे जन्माला यावीत, असाच प्रयत्न असतो. मे महिन्यात आपण गेलात, तर आईच्या पोटाशी अंग घासत चालणारी काही आठवड्यांची शिंगरे आपल्याला रोज पाहता येतील. अशा ठिकाणी अनोळखी माणसाला सहसा आत घेत नाहीत, म्हणून महाविद्यालयाचे पत्र आणि एका प्राध्यापकांची शिफारस घेऊनच अर्ज करावा.

मोबदला फार मिळणार नाही. राहणे, दोन वेळचे जेवण, साप्ताहिक सुट्टी आणि दुखापत झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण करणार, एवढे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. शक्य असल्यास लेखी घ्यावे. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण तबेल्यातील मातीत आणि लिदीत त्याचे जंतू हमखास असतात.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आठ दिवस माझ्या हाती केवळ फावडे आणि बादली होती. नवव्या दिवशी एका वृद्ध मोतद्दारांनी (घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी) मला खूर साफ करायला शिकवले : घोड्याच्या खांद्याजवळ, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे, हात खांद्यावरून सावकाश खाली नेत पाय उचलायचा आणि आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायची, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला मात्र टोचू द्यायचे नाही. त्या आठ दिवसांत घोड्याला माझा आवाज ओळखीचा झाला होता, म्हणूनच त्याने पाय दिला. आपल्यालाही पहिल्या आठवड्यात फावडेच मिळाले, तर नाराज होऊ नये.

उन्हाळ्यात एक गोष्ट कधीही दुर्लक्षू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. घोडा चंदीला तोंड लावत नसेल, वारंवार वळून कुशीकडे पाहत असेल किंवा पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मालकांना उठवावे.