फोल्डर किती जागा खातंय हा आकडा लिनक्स, मॅक आणि विंडोजवर वेगवेगळा का येतो? एकच फीचर तिन्हीकडे कसं चालवायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की पायथनमधे छोटं बॅकअप टूल लिहिलंय, त्यात फोल्डर किती जागा खातंय आणि डिस्कवर किती उरलीय एवढंच दाखवायचंय, त्यासाठी आतून डीयू (फोल्डरची जागा मोजणारी कमांड) आणि डीएफ (डिस्कवर उरलेली जागा सांगणारी) चालवून त्यांचं आउटपुट वाचताय, लिनक्सवर मस्त चालतं पण मॅकवर फोल्डरचा आकडा बरोब्बर दुप्पट येतो आणि विंडोजवर त्या कमांडच नाहीत.

दुप्पटचं कारण सोपंय. लिनक्सवरचं डीयू १०२४ बाइटच्या हिशोबात मोजतं, मॅकवरचं बीएसडी (युनिक्सची एक जुनी शाखा) घराण्यातलं, ते ५१२ च्या हिशोबात. के हा ऑप्शन दिलात तर दोन्हीकडे १०२४ होईल, पण मी म्हणेन ते आउटपुट वाचणंच सोडून द्या, आज हे जुळवाल, उद्या दुसरं काहीतरी फुटेल, आणि विंडोजचा प्रश्न तसाच राहील.

आता खरी भानगड. "किती जागा" हा एक प्रश्न नाहीये. मुंबईत फ्लॅट बघायला गेलं की कार्पेट एरिया वेगळा आणि सुपर बिल्ट-अप वेगळा सांगतात ना, तसंच फाइलचं आहे. फाइलच्या आतला मजकूर किती बाइटचा हा एक आकडा (एसटी_साइझ), आणि त्यासाठी डिस्कने किती जागा अडवली हा दुसरा (एसटी_ब्लॉक्स, लिनक्स-मॅकवर तो ५१२ ने गुणायचा). १ केबीची फाइल बहुतेक ठिकाणी ४ केबी अडवते. उलटही होतं, डॉकर डेस्कटॉपची मॅकवरची डॉकर.रॉ फाइल घ्या, लिस्टमधे समजा ६४ जीबी दिसेल आणि प्रत्यक्षात त्याच्या पाव भागही अडवलेला नसेल, कारण ती स्पार्स फाइल असते, मधले रिकामे भाग डिस्कवर लिहिलेलेच नसतात. विंडोजवर पायथनच्या स्टॅटमधे (फाइलची माहिती देणारं फंक्शन) एसटी_ब्लॉक्स नाहीच, तिथे कॉम्प्रेस्ड किंवा स्पार्स फाइलची खरी जागा हवी तर सीटाइप्समधून (पायथनमधून सिस्टीमची फंक्शनं बोलवायची लायब्ररी) गेटकॉम्प्रेस्डफाइलसाइझ हे फंक्शन बोलवावं लागतं.

मग कुठला आकडा दाखवायचा? तुमचं टूल बॅकअपचं आहे, युजरला कळायला हवं की हे सगळं त्या बाहेरच्या डिस्कवर मावेल का. म्हणून मूळ डिस्कवर किती अडलंय ते तुमच्यासाठी दुय्यम, एसटी_साइझ धरा आणि जिथे कॉपी करायचंय त्या डिस्कच्या क्लस्टरने (फाइलसाठी डिस्क कमीत कमी अडवते तो तुकडा) वर राउंड करा. हे मी उगाच बारीक कातत नाहीये. दादरच्या एखाद्या लग्नाच्या फोटो स्टुडिओचा विचार करा, मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सटर्नल डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टीममधे (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉर्मॅट केलेली असते, ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर डीफॉल्टने १२८ केबीचा करतं, आणि प्रत्येक रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ) फोटोसोबत एडिटिंगची १०-२० केबीची एक्सएमपी फाइल असते. अशा १ लाख बारक्या फाइली म्हणजे जवळपास १३ जीबी, मजकूर त्यातला जेमतेम १-२ जीबीचा. वर एक्सफॅटला स्पार्स फाइल माहीतच नाही, ती डॉकरची फाइल तिथे पूर्ण ६४ जीबी होऊन बसणार.

डिस्कवर किती उरलीय ते त्यामानाने सोपं, पायथनच्या शटिल लायब्ररीतलं डिस्क_युसेज हे फंक्शन पायथन ३.३ पासून आहे आणि तिन्हीकडे चालतं. फक्त लिनक्सवर वापरलेली अधिक उरलेली म्हणजे एकूण असं येत नाही, त्याला बग समजू नका. लिनक्सची एक्सटी४ फाइल सिस्टीम डीफॉल्टने ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सिस्टीमचा मुख्य ॲडमिन) राखून ठेवते, १ टीबीच्या डिस्कवर ५० जीबी तिथेच गेले. एकूणमधून वापरलेली वजा करून "उरलेली" दाखवलीत तर युजर तेवढी भरायला जाईल आणि शेवटी एरर खाईल, त्यामुळे फंक्शन जी फ्री देतं तीच दाखवा. हेच कोणी सी मधे लिहीत असेल तर स्टॅटव्हीएफएसमधे (डिस्कची माहिती देणारं सिस्टीमचं फंक्शन) ब्लॉकची संख्या एफ_एफआरसाइझने गुणायची, एफ_बीसाइझने नाही. लिनक्सवर सहसा दोन्ही सारखे असतात म्हणून चूक लपून राहते, मॅकवर पहिला ४ केबी आणि दुसरा १ एमबी, म्हणजे उत्तर २५६ पट. शिवाय मॅकवर त्यातली ब्लॉकसंख्या ३२ बिटची आहे, १६ टीबीच्या वर आकडा गुंडाळला जातो, म्हणजे परत शून्यापासून सुरू होतो. अंधेरी-गोरेगावच्या एडिटिंगवाल्यांकडे एवढे मोठे रेड (RAID, अनेक डिस्क जोडलेले) बॉक्स सर्रास असतात, तेव्हा तिथे त्याऐवजी स्टॅटएफएस हे फंक्शन वापरा. जुन्या पायथनमधेही आतून स्टॅटव्हीएफएसच आहे हे लक्षात ठेवा.

मॅकवर अजून एक तक्रार येणारच, की फाइंडर जास्त रिकामी जागा दाखवतो आणि तुमचं टूल कमी. फाइंडर पर्जेबल जागाही रिकामी धरतो, म्हणजे लोकल स्नॅपशॉट (डिस्कची त्या त्या वेळची जपलेली स्थिती), आयक्लाउडवर असलेल्या फाइलींच्या इथल्या कॉप्या वगैरे, जे सिस्टीम गरज पडली तर उडवू शकते. फाइंडरशी जुळवायचंच असेल तर ॲपलचा वेगळा एपीआय आहे. माझ्या मते बॅकअप टूलने कमीवाला आकडा दाखवावा आणि खाली एका ओळीत कारण लिहावं.

फोल्डर चालत जाताना पायथनचं ओएस.स्कॅनडिर वापरा, सिमलिंक (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी एंट्री) फॉलो करू नका. हार्डलिंक (एकाच फाइलचं दुसरं नाव) दोनदा मोजली जाऊ नये म्हणून डिव्हाइस आणि आयनोड नंबरची (डिस्कचा आणि त्यावरच्या फाइलचा ओळख नंबर) जोडी एका सेटमधे ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेलच, पण विंडोजवर स्कॅनडिरच्या एंट्रीवरचा स्टॅट हे दोन्ही नंबर शून्य देतो! म्हणजे पहिली फाइल मोजली जाते आणि उरलेल्या सगळ्या "आधीच मोजल्या" म्हणून सोडल्या जातात, एरर कुठेच नाही. तिथे ओएस.स्टॅट वेगळा बोलवायचा, जरा हळू चालेल, चालू दे. विंडोजचे जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे फोल्डर) सिमलिंकमधे धरले जात नाहीत, ते वेगळे ओळखावे लागतात, पायथन ३.१२ पासून त्यासाठी फंक्शन आलंय. लिनक्सवर रूटपासून (सगळ्यात वरचा फोल्डर) निघालात तर डिव्हाइस नंबर बदलला की थांबा, नाहीतर प्रॉक या आभासी फोल्डरमधली केकोर नावाची फाइल एकटीच १२८ टीबी सांगते. मॅकवर कॅटालिनापासून (२०१९) युजर्स फोल्डर रूटखालीही दिसतो आणि सिस्टीम/व्हॉल्यूम्स/डेटाखालीही, तो एकदाच मोजायचा.

वनड्राइव्हच्या फक्त-ऑनलाइन फाइलींचा साइझ पूर्ण दिसतो पण डिस्कवर जवळपास काही नसतं. साइझ मोजायला फाइल कधीही उघडू नका, उघडून वाचलीत की ती डाउनलोड व्हायला लागते, आणि समोरचा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असला तर शिव्या तुम्हाला.

मॅकच्या एपीएफएस या फाइल सिस्टीमवर क्लोन केलेल्या दोन फाइली तीच जागा वापरतात, डीयूसुद्धा ती दोनदा मोजतं, तुम्हीही मोजाल. "अंदाजे" लिहा आणि पुढे चला.

जीबीचं भांडण वेगळंच. लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची डिस्क आणायची, विंडोजने ९३१ जीबी दाखवलं की दुकानदाराने फसवलं म्हणून परत जायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे. विंडोज १०२४ ने भागतं आणि नाव जीबीच लावतं, मॅक २००९ च्या स्नो लेपर्डपासून १००० ने भागतो. माझं मत, ज्या सिस्टीमवर टूल चालतंय तिचीच पद्धत पाळा, लॉगमधे मात्र कायम बाइट.

परवानगी नसलेले फोल्डर गुपचूप शून्य धरू नका. मॅकवर फुल डिस्क ॲक्सेस दिलेला नसेल तर लायब्ररीतले बरेच फोल्डर बंदच असतात, तेव्हा "इतके फोल्डर वाचता आले नाहीत" असं स्पष्ट दाखवा.

मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी एक. "शेतकऱ्यांची यादी" मधला ऱ एका कोडपॉइंटचाही (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) असू शकतो किंवा र अधिक नुक्ता असा दोनचाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं अशी फोडून ठेवायची, त्यामुळे तिथून आलेली यादी विंडोजच्या यादीशी जुळवलीत तर तीच फाइल "नवीन" दिसेल. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एनएफसीमधे (युनिकोडचं जोडलेलं, ठरावीक रूप) आणा, डिस्कवरचं नाव बदलू नका.

टेस्टसाठी एक फोल्डर कोडनेच बनवा: एक स्पार्स फाइल, एक हार्डलिंकची जोडी, वरच्याच फोल्डरकडे जाणारी सिमलिंक, एक वाचता न येणारा फोल्डर, एक ऱ वाली फाइल. गिटहब ॲक्शन्सवर (टेस्ट आपोआप चालवणारी सेवा) तिन्ही सिस्टीमचे रनर, म्हणजे टेस्ट चालवायची मशिनं, मिळतात, तिथे दर कमिटला चालवा. तुमच्या स्वतःच्या विंडोज मशिनवर सिमलिंक बनवायला डेव्हलपर मोड चालू लागतो नाहीतर ॲडमिन म्हणून चालवावं लागतं, ते आधी बघून घ्या.