अल्पवयीन मुलीचा अपघात, स्वस्त राइड आणि सहा महिन्यांची मुदत

पुण्यातील एक वाचक लिहितात की, त्यांची सोळा वर्षांची मुलगी सायंकाळच्या क्लासहून अ‍ॅपवरून मागवलेल्या बाइक-टॅक्सीने घरी येत असताना कर्वे रस्त्यावर वळणाऱ्या टेम्पोने बाइकला धडक दिली. तिच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून सळई बसवावी लागली आणि बारावीचे वर्ष अडचणीत आले. राइड वडिलांनी स्वतःच्या खात्यावरून, रिक्षापेक्षा स्वस्त पडते म्हणून, बुक केली होती. कंपनीचे म्हणणे असे की, अठरा वर्षांखालील मुलीला प्रौढाच्या खात्यावरून एकटीला पाठवणे हा अटींचा भंग असल्याने प्रवासी-विमा लागू होत नाही. मात्र सहानुभूती म्हणून पंचवीस हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवावे. अपघाताला पाच महिने होत आले आहेत. एका परिचितांनी त्यांना सांगितले आहे की, मुलगी अज्ञान (कायद्याच्या भाषेत अल्पवयीन) असल्याने दाव्याची मुदत ती अठरा वर्षांची झाल्यावरच सुरू होईल. कंपनीविरुद्ध काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न आहे.

अशा आशयाची पत्रे वारंवार येतात आणि बहुतेकांत कंपनीबरोबरच्या ईमेलांची सविस्तर हकिकत असते. अपघातातील भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला की नाही, याचा मात्र उल्लेखही नसतो. तुमच्या पत्रातही तो नाही, आणि तुमच्या प्रकरणात निर्णायक गोष्ट तीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) नुसार नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम महिना उरला आहे, आणि आधीचे चार महिने तुम्ही ग्राहकसेवा विभागाच्या साचेबद्ध उत्तरांची वाट पाहण्यात घालवलेत, हे मला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

परिचितांच्या सल्ल्यावर विसंबू नका. मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 6 मध्ये अज्ञानाला सवलत आहे हे खरे. परंतु त्या कलमाचे शब्द दिवाणी दाव्याबद्दल आणि हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाच्या, अंमलबजावणीच्या अर्जाबद्दल आहेत. अपघात न्यायाधिकरणापुढील अर्जाला ती सवलत लागू करा, असा युक्तिवाद करता येईल, पण एखाद्या मुलीची संपूर्ण भरपाई अशा युक्तिवादावर टांगून ठेवणे मला मान्य नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, 166(3) च्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका प्रलंबित असेपर्यंत असे अर्ज केवळ मुदतबाह्य म्हणून फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. तो मुदत चुकलेल्यांसाठी दिलासा आहे. ज्याची मुदत अजून शिल्लक आहे त्याने त्याच्या भरवशावर थांबू नये, कारण अंतरिम आदेश अंतिम निकालात टिकेलच असे नाही. शिवाय कलम 171 प्रमाणे भरपाईवरील व्याज अर्ज दाखल केल्याच्या तारखेच्या आधीपासून मिळू शकत नाही. हे दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, हा आपल्या न्यायव्यवस्थेचा दोष आहे आणि त्याची चीड मलाही येते. पण म्हणूनच अर्जाची तारीख लवकरची असणे पक्षकाराच्या हिताचे असते.

पोलिसांनी तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवला असेल, तर कलम 166(4) खाली तोच अर्ज मानला जाऊ शकतो. तो गेला आहे का, याची पोलीस ठाण्यात चौकशी करा. मात्र लेखी पुरावा हाती येईपर्यंत तो गेलेला नाही असेच समजून चाला.

अर्ज मुलीच्या नावाने, तिचे पालनकर्ते म्हणून तुमच्यामार्फत, पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करावा. त्यात टेम्पोचा मालक व विमा कंपनी आणि बाइकचा मालक व विमा कंपनी, असे दोन्ही वाहनांकडील पक्ष सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, करावेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण चूक दोन्ही चालकांची ठरली तरी मागे बसलेली मुलगी पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. बाइकला पांढरी पाटी असेल, म्हणजे ती खासगी वापरासाठी नोंदवलेली असेल, तर तिची विमा कंपनी परवाना नसताना भाड्याने प्रवासी नेल्याचे कारण पुढे करील. त्या वादाचा शेवट काय होईल हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. अनेकदा विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. टेम्पोच्या दृष्टीने मात्र तुमची मुलगी सरळसरळ त्रयस्थ व्यक्ती आहे, आणि तुमच्या खात्याच्या अटींशी टेम्पोच्या विमा कंपनीचा काहीही संबंध नाही. मुलीच्या डोक्यावर हेल्मेट होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो मुद्दा निघेल, म्हणून वकिलांना खरे काय ते आधीच सांगा.

प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिले, वयाचा दाखला आणि राइडची पावती एवढ्यावर अर्ज दाखल होतो. वाहनांची नोंदणी आणि विम्याचा तपशील पोलिसांकडून मिळवता येतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडता येते. केवळ त्याच्यासाठी थांबून मुदत घालवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता कंपनीबद्दल. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी उघडून द्यायची वेगळी खाती, ज्यांत पिन जुळल्याशिवाय राइड सुरू होत नाही आणि पालकांना प्रवास थेट दिसतो, आपल्याकडे 2025 पासून उपलब्ध झाली आहेत. तुमच्या कंपनीकडे अशी सोय असूनही, नोंदणी किचकट वाटल्यामुळे ती घेतली नाही, असे तुम्हीच लिहिता. रोज संध्याकाळी मुलीला एकटीला पाठवणाऱ्या वडिलांनी तेवढा वेळ काढायला हवा होता. तरीही लहान अक्षरांतली अट दाखवली म्हणजे कंपनी सुटली, असे मी मानत नाही. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, सेवेची लाभार्थी म्हणून मुलगीही त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे न्यावा, असे अटींतील कलम या तक्रारीच्या आड येत नाही. यश किती मिळेल हे अटींच्या नेमक्या मजकुरावर आणि चालकाने मुलीचे वय पाहूनही तिला बसवले का, यावर ठरेल. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून ही तक्रार न्यायाधिकरणातील अर्जानंतर करा. अ‍ॅपमधील राइडचा तपशील आणि कंपनीचे सर्व ईमेल मात्र आजच जतन करून ठेवा.

पंचवीस हजारांच्या पत्रावर सही करू नका. पूर्ण व अंतिम तडजोड असा मजकूर त्यात असणार, आणि तुमची सही झालेला कागद पुढे प्रत्येक सामनेवाला मुलीविरुद्ध वापरू पाहील. अर्ज दाखल झाल्यानंतर अज्ञानाच्या वतीने करायची तडजोड तिच्या हिताची आहे का, हे न्यायाधिकरणाला तपासता येते. म्हणून कंपनीला खरोखर पैसे द्यायचे असतील, तर तिने तो प्रस्ताव तिथे ठेवावा, असे त्यांना लेखी कळवा.