सतत विमानप्रवास करणाऱ्याला कोणता विमानतळ आवडतो आणि कोणता नकोसा होतो?

महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जातो, त्यावरून सांगतो. झगमगाट दोन फेऱ्यांत जुना होतो. मग जाणवतं ते चालणं, रांगा आणि बसायची जागा.

सिंगापूरचा चांगी मला म्हणूनच फार आवडतो. तिथला ४० मीटर उंचीचा धबधबा (२०१९ पासून आहे) एकदा पाहिला की झालं. पण जमिनीवर बऱ्याच ठिकाणी गालिचा आहे, त्यामुळे चाकांच्या बॅगांचा खडखडाट नाही. टर्मिनल १ ते ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटपाशी होते, म्हणून सगळे एकाच रांगेत तुंबत नाहीत.

मुंबई विमानतळाचा टी२ (टर्मिनल २) देखणा आहेच. पण टी१ला उतरून टी२वरून पुढचं विमान असेल तर बाहेर पडून शहरातल्या रस्त्याने जावं लागायचं, जीव टांगणीला. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ची स्थानकं दोन्हीकडे आहेत, मोठाच दिलासा.

सगळ्यात राग येतो तो खुर्च्यांचा. एका विमानतळावर पहाटे चारला प्रत्येक खुर्चीच्या मध्ये लोखंडी दांडा होता आणि सत्तरीच्या एक आजी फरशीवर शाल अंथरून झोपल्या होत्या.