बेल्ट आवळला, पण एअरबॅग उघडली नाही

प्रश्न : गाडी बाबांच्या नावावर, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. रात्री बाबा चालवत होते, मी शेजारी होते. दिवे न लावता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी मागून आदळली, बॉनेट ट्रकखाली घुसलं. दोघांनीही सीट बेल्ट लावले होते, तरी एकही एअरबॅग उघडली नाही. बाबांचा जबडा स्टिअरिंगवर आपटून मोडला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ते बेल्टमुळे, असं डॉक्टर म्हणतात. सर्व्हिस सेंटरनं लेखी कळवलंय की धडकेची तीव्रता मर्यादेपेक्षा कमी होती, यंत्रणेत दोष नाही. विमा कंपनीनं गाडी टोटल लॉस ठरवली असून आठ दिवसांत ती उचलणार आहेत. बेल्ट तेव्हापासून आत जातच नाहीत, नुसते लोंबतायत. आम्ही कंपनीवर दावा करू शकतो का? बेल्टनं हाड मोडलं त्याचीही भरपाई मागता येईल का?

उत्तर :

ताई, दावा करता येतो. पण कायद्याचं बोलण्याआधी एक सांगतो, आणि ते आजच करा. गाडी कुणाच्याही ताब्यात देऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार ती गाडीच आहे. माझ्याकडे पूर्वी असंच एक कुटुंब आलं होतं. तोवर गाडी कापून भंगारात गेली होती, हातात मोबाइलवरचे चार फोटो तेवढे उरले होते. एअरबॅगच्या प्रकरणात गाडी गेली की खटल्याचा जीव अर्धा होतो.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं : बेल्ट आत जात नाहीत.

सीट बेल्टला एक साधं कुलूप असतं. झटका बसला की ते अडतं, ताण सुटला की बेल्ट पुन्हा आत जातो. तुमच्याकडे तसं झालं नाही. याचा दाट संभव असा की प्रीटेन्शनर उडाला. दाराजवळच्या खांबाच्या तळाशी बेल्टचं रीळ असतं, त्याला लागून स्फोटक भुकटीची एक छोटी पुडी बसवलेली असते. धडक बसताच तिला वीज मिळते, गॅस तयार होतो आणि त्या दाबानं रीळ उलटं फिरून बेल्ट काही सेंटिमीटर मागे खेचला जातो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास होतं. माणूस पुढे झेपावण्याआधी त्याला सीटला आवळून धरायचं, एवढाच हेतू. मग छातीवर फार ताण येऊ नये म्हणून रिळातली एक पोलादी दांडी पिळली जाते आणि बेल्ट थोडा सैल सोडला जातो. हे एकदाच होतं. नंतर ते रीळ निकामी, बेल्ट लोंबताच राहतो. काही गाड्यांत रिळाऐवजी किंवा रिळाच्या जोडीला बकल खाली ओढलं जातं. तुमच्या गाडीत बकलचा दांडा खाली बसून त्यावरचं प्लास्टिकचं आवरण घडी पडल्यासारखं चेमटलंय का, ते बघा. हात लावू नका, फक्त फोटो काढा.

आता याचा कायद्याच्या दृष्टीनं अर्थ काय? प्रीटेन्शनर आणि एअरबॅग, दोघांना हुकूम देणारा पेटारा एकच असतो, बहुतेक गाड्यांत गिअरच्या खाली, गाडीच्या मधोमध. त्याच्या आत वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो आणि पुढच्या पट्टीवरचे सेन्सर त्याला साथ देतात. बेल्ट उडाला असेल तर पेटारा जागा होता, त्याला वीज मिळत होती, धक्का त्याला कळला होता आणि हा अपघात आहे असं त्यानं ठरवलंही होतं. सर्व्हिस सेंटरच्या पत्रात बेल्टचा उल्लेखच नाही. त्यांना हाच प्रश्न आधी विचारायचा आहे.

कंपनीचं उत्तर काय येईल, तेही सांगून ठेवतो, कारण ते खोटं नसेल. बेल्टची मर्यादा बहुधा एअरबॅगपेक्षा खालची ठेवलेली असते. मध्यम धक्क्यात नुसता बेल्ट उडणं हे यंत्रणेच्या रचनेत बसतं. शिवाय मर्यादा म्हणजे काट्यावरचा वेग नव्हे. न हलणाऱ्या भिंतीवर ताशी साधारण 13 ते 23 किलोमीटरनं आदळल्यावर बसेल तसा धक्का, अशा हिशोबानं पुढच्या एअरबॅगा सहसा बसवलेल्या असतात. भिंत जागची हलत नाही म्हणून तिथे कमी वेगातही धक्का जबर बसतो. ट्रकच्या मागे घुसताना उलट घडतं. गाडीच्या पुढच्या दोन मजबूत तुळया ट्रकच्या सांगाड्याखालून निघून जातात आणि आधी चुरगळतं ते बॉनेटचं पातळ पत्र्याचं काम. त्यामुळे सुरुवातीच्या निर्णायक क्षणांत पेटाऱ्याला धक्का मऊ वाटू शकतो. एअरबॅग उघडायची की नाही हे साधारण 15 ते 30 मिलिसेकंदांत ठरतं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले हे 15 ते 30. माणूस स्टिअरिंगवर पोचल्यानंतर फुगलेली पिशवी उलट इजाच करेल, म्हणून उशीर झालेली यंत्रणा गप्प राहते. तुमच्या अपघातात असं घडलं असण्याची शक्यता आहे. ही शक्यता लपवून मी तुम्हाला भरीस घालणार नाही.

पण ती खरी की नाही, हे सांगणारी नोंद गाडीतच असते. बऱ्याच गाड्यांचा पेटारा धडकेच्या वेळचा वेग, ब्रेक, बकल लावलं होतं का, कोणत्या पुडीला केव्हा हुकूम गेला, हे साठवतो. ती वाचायचं यंत्र कंपनीकडे असतं आणि खरी मेख इथेच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात पुरावा. काही नोंदी कायमच्या कुलूपबंद होतात, पण पिशवी न उघडलेल्या घटनेची नोंद पुढच्या नोंदीखाली पुसली जाऊ शकते. म्हणून गाडीची बॅटरी कुणाला जोडू देऊ नका, चावी फिरवू नका, ‘स्कॅन करून देतो’ म्हणत येणाऱ्याला एकट्याला आत बसू देऊ नका. न उघडलेल्या एअरबॅगेत जिवंत स्फोटक आहे, त्यामुळे स्टिअरिंगचं आवरण स्वतः उचकटण्याचा विचारही नको.

कायदा तुमच्या बाजूनं बराच सरकला आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ह्युंदाई मोटर इंडियाच्या अपिलात याच मुद्द्यावर निकाल दिला. क्रेटा गाडी, 2017 मधला अपघात, समोरून जबर नुकसान, एअरबॅग उघडली नाही. कंपनी म्हणाली, पुरेसा जोर नव्हता. न्यायालय म्हणालं की वेग आणि बलाची गणितं मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ असावा, अशी अपेक्षाच करता येत नाही. समोरून धडक बसली की एअरबॅग उघडेल, या समजुतीनंच तो गाडी घेतो. गाडीची अवस्थाच पुरेशी बोलकी असेल तर दोषाचा आणखी पुरावा ग्राहकाकडे मागायचा नाही, हे तत्त्व तिथे लागू झालं. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे ग्राहक जिंकला. त्याला भरपाई मिळाली आणि गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

तो खटला जुन्या कायद्याखालचा. तुम्हाला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे आणि त्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरणच आहे, कलम 82 ते 87. कलम 84 खाली बनावटीतला दोष, रचनेतला दोष किंवा वापराबाबत पुरेसा इशारा न देणं, यांपैकी काहीही सिद्ध झालं तरी उत्पादक जबाबदार ठरतो. ट्रकखाली घुसल्यावर एअरबॅग उघडणार नाही हे कंपनीला ठाऊक होतं, असं तिचं म्हणणं असेल, तर ते पुस्तिकेत कुठे, किती ठळक लिहिलंय? पुस्तिका शोधून ते पान बघा. जाहिरातपत्रकही सापडलं तर जपून ठेवा.

तक्रार दोघांनीही करा. बाबा खरेदीदार आहेत; त्यांच्या संमतीनं गाडी वापरणाऱ्या तुम्हीही कायद्यानं ग्राहकच. मुदत दोन वर्षं, पण ती शेवटपर्यंत ताणू नका. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी धावावं लागत नाही. सोबतच दोन अर्ज द्या. एक, कलम 38 खाली तज्ज्ञ किंवा प्रयोगशाळेकडून तपासणीचा. दुसरा, तोवर गाडी आणि तो पेटारा जसाच्या तसा ठेवण्याच्या अंतरिम आदेशाचा. उत्पादनाच्या जबाबदारीखाली खुद्द गाडीचं नुकसान धरलं जात नाही. तिथे इजा आणि इजेसोबतचा मानसिक त्रास मोजला जातो. गाडीचे पैसे विम्यातून येत असतील तर त्यावर वेळ घालवू नका, बाबांच्या जबड्यावर लक्ष ठेवा.

कंपनी एक बचाव हमखास आणेल : ‘चालकानं बेल्ट लावला नव्हता.’ त्याचं उत्तर बेल्टवरच आहे. खांबावरच्या कडीतून पट्टा जिथे घासला जातो, तिथे जोराचा ताण आल्यावर कापडावर चकाकी येते, कधी धागे वितळल्यासारखे दिसतात. दोन्ही बेल्टवर ती जागा शोधा, शेजारी पट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. बाबांच्या अंगावर तिरका वळ उठला होता का? रुग्णालयाच्या कागदांत तो लिहिलेला आहे का, हेही पाहा. फोटो कुठल्या फोनवरून काढले ते लिहून ठेवा आणि मूळ फाइल तशीच ठेवा; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडायला ते लागेल. गाडीला पुढे बुल गार्ड बसवला असेल किंवा एअरबॅगचा लाल दिवा आधीपासून पेटत असेल, तर ते मला आत्ताच सांगा. बदल केलेल्या वस्तूबाबत कलम 87 कंपनीच्या मदतीला येतं. उलट, तोच दिवा सर्व्हिसिंगच्या वेळी दाखवूनही त्यांनी दुर्लक्ष केलं असेल, तर जॉबकार्ड सोन्यासारखं जपा.

ट्रकमालक आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्धचा दावा वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तो आधी लावा. अंधारात दिवे न लावता ट्रक उभा होता, हे पंचनाम्यात आलंय का ते बघा.

तुमच्या हाडाबद्दल मात्र गाडीच्या कंपनीवर दावा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जोरदार धडकेत बेल्टखाली गळ्याजवळचं हाड मोडणं ही ओळखीची इजा आहे. त्या पट्ट्यानं ताण हाडावर घेतला म्हणून तुमचं डोकं काचेपर्यंत गेलं नाही. एकाच तक्रारीत ‘बेल्टनं इजा केली’ आणि ‘बेल्ट बरोबर चालला, मग एअरबॅग का नाही’ असं दोन्ही म्हटलं, तर दुसरा, खरा मुद्दा दुबळा होतो.

विमा कंपनीला आजच ईमेल आणि स्पीड पोस्टनं कळवा : गाडी ग्राहक तक्रारीतला पुरावा आहे, तपासणी होईपर्यंत ती हलवू नये, किंवा अवशेषांची किंमत वजा करून आम्हालाच ठेवू द्यावी. गाडी उभी असलेल्या जागेच्या मालकालाही त्याची प्रत देऊन पोचपावती घ्या. टोटल लॉसच्या कागदांत हक्क विमा कंपनीकडे सोपवण्याचं कलम असतं. त्यात उत्पादकाविरुद्धचे तुमचे इजेचे दावे ओढले जात नाहीत ना, हे वकिलाला दाखवून घ्या आणि त्यानंतरच बाबांची सही होऊ द्या.